नवरा-बायकोच्या बोलण्याचं गणित आणि उंबरठ्याचा प्रश्न

बालाघाट (धागाकर्ता) :

गेल्या चैत्रात आमच्या भावकीतला एक संसार मोडला. बैठकीला दोन्हीकडची वीसेक माणसं होती आणि जो तो एकच म्हणत होता, "अकरा वर्षं भांड्याला भांडं लागलं नाही, मग एकाएकी झालं काय?" हा 'एकाएकी' माझ्या डोक्यातून जाईना. मी अंबाजोगाईच्या बाजूला अकरावी-बारावीला गणित शिकवतो. गणितात एकाएकी घडतं, पण त्याच्या मागे बराच काळ काहीतरी हळूहळू सरकत असतं.

शोधता शोधता जॉन गॉटमन आणि जेम्स मरे यांच्या कामापाशी आलो. गॉटमन मानसशास्त्रज्ञ, मरे गणिती. बिबट्याच्या अंगावर ठिपके कसे उमटतात याचं गणित मांडणारे ते हेच मरे. दोघंही तेव्हा सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. नवरा-बायको एकमेकांवर क्षणाक्षणाला कसा परिणाम करतात याची समीकरणं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये मांडली आणि २००२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं.

पद्धत अशी. जोडप्याला समोरासमोर बसवायचं. ज्या विषयावर त्यांचं पटत नाही तोच द्यायचा: पैसा, सासर, मुलं, काहीही. पंधरा मिनिटं बोलू द्यायचं आणि चित्रण करायचं. मग शिकवून तयार केलेली माणसं त्या बोलण्याला, चेहऱ्याला, आवाजाला गुण देतात. या गुणांनी मला पहिल्यांदा थांबवलं. माया, हसू, 'तुझं खरं आहे' असं मान्य करणं : अधिक ४. राग : उणे १. एवढाच. गप्प राहून भिंत होणं : उणे २. आणि तुच्छता, म्हणजे ओठ मुरडून 'तुला काय कळतंय' : उणे ४. राग स्वस्त आहे, तुच्छता त्याच्या चौपट महाग.

आता समीकरण. 'ब' म्हणजे बायकोचा गुण, 'न' म्हणजे नवऱ्याचा.

ब (पुढचा) = क + र × ब (आताचा) + प्र (न आताचा)

नवऱ्यासाठीही असंच, फक्त त्याचे आकडे वेगळे. 'क' म्हणजे तिचा मूळ कल. 'र' म्हणजे मनाचा जडपणा, आधीची मनःस्थिती पुढच्या बोलण्यात किती उरते ते. आणि 'प्र' म्हणजे प्रभाव, समोरच्याच्या बोलण्यानं ती किती वर-खाली होते. सगळा जीव या 'प्र'मध्ये आहे. त्याच्या आलेखाला दोन उंबरठे असतात. समोरच्याचं बोलणं किती गोड झालं की मला बरं वाटायला लागतं, हा एक. किती कडू झालं की मला लागतं, हा दुसरा.

माझा प्रश्न या दुसऱ्या उंबरठ्याबद्दल आहे. मला वाटलं होतं, तो जितका खोल तितका संसार टिकाऊ. छोट्यामोठ्या बोलण्यानं लागत नाही, माणूस सोसतो. निघालं उलटं. ज्यांना लहान गोष्ट लगेच लागते आणि जे ती लगेच बोलून सारखी करतात, त्यांचे संसार जास्त टिकले. आपल्याकडे सुनेचं कौतुक करताना पहिला शब्द येतो 'सोशिक'. आमच्या भावकीतली ती मुलगी गावभर सोशिक म्हणूनच ओळखली जायची.

तुम्ही काय पाहिलंय, ते लिहा.

मांजराकाठ :

सर, समीकरण कळलं, पण मन कुठं कळलं? मी लातूरच्या अडतीत बसतो. सोयाबीन आलं की ओलावा मोजायचं यंत्र लावतो, आकडा येतो, भाव ठरतो. त्या आकड्यावर शेतकरी भांडतो पण मानतो, कारण दाणा दाणाच असतो. 'उणे दोन' दुखणं म्हणजे काय? माझ्या बायकोला माहेरच्या माणसासमोर बोललेलं उणे शंभर लागतं आणि घरात तेच बोललं तर हसते.

बालाघाट :

भाऊ, हीच अडचण मलाही आली, म्हणून घरी करून पाहिलं. विषय तुमच्याच अडतीतला: सोयाबीन आता विकायचं की थांबायचं. मी म्हणालो विकू, पोराची फी आहे. ती म्हणाली थांबू, दर वर्षी आपण पडत्या भावात विकतो. पंधरा मिनिटं झाल्यावर दोघांनी वेगवेगळ्या वहीत दोघांचेही गुण लिहिले.

मधे एकदा मी तीन-चार वाक्यांच्या वेळापुरता गप्प बसलो होतो. माझ्या वहीत तिथं शून्य. तिच्या वहीत तिथं उणे २. मी म्हणालो, मी तर काहीच बोललो नाही. ती म्हणाली, "तुम्ही गप बसायलाव तवा भाव ठरवून मोकळे झालेले असताव. मग मी कुणाशी बोलायलेय?"

गॉटमनच्या तक्त्यातही तिथं उणे २ च आहे, हे तिला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी माझं गप्प बसणं शून्य धरत आलो.

तुमचा माहेरच्या माणसाचा मुद्दा रास्त आहे. समोर कोण बसलंय यानं उंबरठा बदलतो. समीकरणात तो एकच ठरलेला आकडा धरलाय, तिथं ते कमी पडतं.

जडपणाबद्दल थोडं सांगतो, कारण घरोघरी भांडण त्याच्यावरच होतं. समजा दोघांचाही स्वतःचा मुक्काम अधिक २ आहे, म्हणजे एकटं सोडलं तर दोघंही तिथंच येऊन थांबतात. दोघंही आज उणे ६ वर गेले. ज्याचा 'र' ०.५ आहे तो उणे ६, उणे २, ०, १ असा तिसऱ्या पावलाला हसत बोलायला लागतो. ज्याचा 'र' ०.८ आहे तो उणे ६, उणे ४.४, उणे ३.१, उणे २.१ असा येतो, शून्याच्या वर यायला त्याला सात पावलं लागतात. आता पहिला म्हणतो, 'झालं गेलं, अजून फुगून का बसलीस?' तिचं मन वाईट नसतं. तिचा आकडा वेगळा असतो. दोघंही शेवटी अधिक २ लाच पोचणार आहेत. पण चौथ्या पावलाला विचारलेला तो प्रश्न तिला पुन्हा खाली ढकलतो.

संख्या_परभणी :

धागा चांगला आहे, पण एक सावधगिरी नोंदवतो. या कामाबद्दल सगळीकडे छापून येतं की पंधरा मिनिटांच्या बोलण्यावरून घटस्फोट होणार की नाही हे नव्वद टक्क्यांच्या वर अचूक सांगता येतं. तो दावा तसाच उचलू नका. ज्या जोडप्यांच्या माहितीवरून सूत्र बसवलं, त्याच जोडप्यांवर ते तपासलं तर आकडा चांगला येणारच. सरांना कळेल अशा भाषेत: जो पेपर वर्गात सोडवून घेतला तोच परीक्षेला आला. २००१ मध्ये हेमन आणि स्लेप यांनी हेच दाखवलं. एका गटावर बसवलेलं सूत्र दुसऱ्या गटावर लावलं की त्याची अचूकता बरीच घसरली. शिवाय १९९५ च्या कामातली जोडपी होती ७३, सगळी अमेरिकेतली. आपल्याकडं ती संख्या तशीच आणून बसवणं चूक.

दुसरं. नवरा-बायको सारखे होत जातात ते एकमेकांमुळेच, असं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवर ख्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी १९७१ ते २००३ अशा ३२ वर्षांच्या माहितीतून पाहिलं. जोडप्यातला एक लठ्ठ झाला की दुसरा लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढं २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं, एकानं सिगरेट सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी. पण यावरही लोकांनी विचारलंच: हा प्रभाव, की एका चुलीवरचं जेवण? की मुळात सारखी माणसंच एकमेकांना निवडतात? आपल्याकडं निवड बरीचशी आईबाप करतात, तेही जात, शेत आणि शिक्षण बघून. म्हणजे सारखेपणा लग्नाआधीच भरलेला. प्रभाव वेगळा काढायचा तर दोघांचं मोजमाप पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

एक घरचं उदाहरण देतो, त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही हे मला कळतं. माझी आई सकाळी मिश्री लावायची, वडील तंबाखू मळायचे. वडिलांच्या तोंडात पांढरा डाग आला, डॉक्टरनं दटावलं, तरी सुटेना. आईनं एक दिवस मिश्रीची डबी न बोलता चुलीत टाकली. वडिलांनी आठ दिवसांत सोडली. दोघांनीही त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

गोदाकाठची :

मी नांदेडला समुपदेशन केंद्रात काम करते. बालाघाट सर, उंबरठ्याचं तुमचं म्हणणं मला पटलं, पण काळजीही वाटली.

पटलं ते असं. आमच्याकडं येणारी बाई पहिल्या दिवशी मोठं काही सांगतच नाही. परवा एक जण आली. तासभर फक्त ताटाचं सांगत होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच ताटात ती जेवायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तो उठताना ताटातच हात धुवायला लागला, तेव्हा तिला लागलं. ती बोलली नाही. सासूनं पाहिलं, तीही बोलली नाही. चौदा वर्षं! तिच्या आईनं पाठवणी करताना सांगितलं होतं, "सोसलं तर संसार." आता ती त्याच्याबद्दल बोलते तेव्हा आवाजात रागसुद्धा उरलेला नाही. सर म्हणतात तो खोल उंबरठा मी रोज समोर बसलेला बघते.

काळजी ही, की 'लगेच बोला' हा सल्ला सगळ्या घरांत चालत नाही. जिथं बोललं की हात उठतो, तिथं तिचं गप्प राहणं हा तिचा शहाणपणा असतो. तिथं समीकरण बाजूला ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, संरक्षण अधिकारी आहेत. समीकरणाची दोन्ही बाजूंची अक्षरं सारखी दिसतात. घरातली ताकद सारखी नसते.

बालाघाट :

ताई, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. तुमचं म्हणणं आलेखात दिसतं मात्र. नवऱ्याच्या बोलण्याचा तिच्यावरचा प्रभाव म्हणजे कड्यासारखी रेघ, आणि तिच्या बोलण्याचा त्याच्यावरचा प्रभाव सपाट. ती काहीही बोलो, त्याचा आकडा हलत नाही. १९९८ मध्ये गॉटमन आणि सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांवरचं काम छापलं, त्यात हेच निघालं: जे नवरे बायकोचा प्रभाव मानायला तयार नव्हते, त्यांचे संसार मोडण्याकडे झुकले. नुसत्या रागाला तिथंही तितकं वजन नव्हतं.

म्हणजे 'लगेच बोला' हे तिला सांगण्याआधी 'हलायला शिका' हे त्याला सांगायला हवं. मी आमच्या बैठकीत हे बोलायला हवं होतं. तिथं सगळे तिलाच विचारत होते, आधी का नाही बोललीस म्हणून.

संख्या_परभणी, तुमची दुरुस्ती मान्य. मी भविष्य सांगण्यासाठी हे वापरतच नाही. संसार कुठल्या वाटेनं घसरतो ते बघायला वापरतो.

अर्धा_कोयता :

मी धारूर तालुक्यातला. आता संभाजीनगरला कंपनीत आहे. आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. माझं नाव बघून कुणी विचारेल म्हणून सांगतो: ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. मुकादमाच्या वहीत माणसाचं नाव नंतर, कोयता आधी. एकटा गेला तर अर्धा कोयता. पूर्ण कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जास्त, म्हणून आमच्याकडं लेकरांची लग्नं लवकर उरकतात, हेही लिहून ठेवा.

सर, तुमच्या समीकरणात दोघं पंधरा मिनिटं समोरासमोर बसतात. माझे आईबाप हंगामात असे कधी बसलेच नाहीत. पहाटे चारला फडात. बाप तोडायचा, आई पाचट काढून मोळी बांधायची. तिचा हात मागं पडला की त्याचा कोयता थांबायचा. दोघांपैकी एक आजारी पडला तर खाडा दोघांवर. म्हणजे आईला ताप आला तर तो तिच्या एकटीचा नसायचा. बाप चिडायचा. तिच्यावर की तापावर की मुकादमावर, हे मला लहानपणी कळायचं नाही.

म्हणून माझा आक्षेप 'क'ला आहे. तुम्ही म्हणता मूळ कल. दसऱ्याला उचल हातात असायची तेव्हा बाप बाजारातून आईला बांगड्या आणायचा. फाल्गुनात हिशोब व्हायचा, बाकी अंगावर निघायची, तेव्हा तोच माणूस आठ-आठ दिवस नीट बोलायचा नाही. मग त्याचा मूळ कल कुठला धरायचा? तो कल मुकादमाच्या वहीत होता.

बालाघाट :

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कागदावर मांडत होतो. तुमच्या आक्षेपात माझ्या 'एकाएकी'चं उत्तर आहे.

दोघंही सारखे असलेलं एक सोपं घर घेऊ. जडपणा ०.५, 'क' शून्य. समोरचा अधिक १ च्या वर असेल तर मला अधिक १.५ मिळतात. तो उणे १ च्या खाली गेला तर मला उणे २ बसतात. मधे काहीच परिणाम नाही. दोघांनी १.५ वरून सुरुवात केली तर पुढं २.२५, २.६३, २.८१ असं होत दोघं ३ वर स्थिरावतात. त्याच घरात, त्याच दोघांनी उणे १.५ वरून सुरुवात केली तर उणे २.७५, उणे ३.३८ असं होत उणे ४ वर मुक्काम पडतो. बालाघाटाच्या धारेवर हातभर अंतरावर दोन थेंब पडतात. एक सिंदफणेतून गोदावरीला मिळून नांदेडला जातो, दुसरा सीनेतून भीमेला. थेंबात फरक काहीच नसतो.

आता यात तुमची उचल घालतो. प्रत्येक पावलाला दोघांवर बाहेरून एक ओझं, त्याला 'ओ' म्हणू. ओझं शून्य असताना वरचा मुक्काम ३. ओझं उणे ०.२ झालं की मुक्काम २.६. उणे ०.५ ला २. उणे ०.९ ला १.२. बघा, घर सावकाश खाली येतंय, पण अजून शून्याच्या वर आहे. शेजारी म्हणतात, भांड्याला भांडं लागत नाही. ओझं उणे १ च्या जरासं पलीकडं गेलं की मात्र वरचा मुक्काम नाहीसाच होतो. तिथं कुणीही समोरच्याला अधिक १.५ देण्याइतकं वर उरत नाही. थांबायला मधे जागा नसते. घर थेट उणे ६ च्या आसपास जाऊन पडतं.

अकरा वर्षं सरकत होतं. लोकांनी शेवटचं पाऊल पाहिलं.

याच्यापेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. समजा कर्ज फिटलं, ओझं पुन्हा शून्य. तरी घर ३ वर येत नाही. उणे ६ वरून उणे ४ वर येतं आणि तिथंच राहतं, कारण आता दोघंही एकमेकांना खाली ओढतायत. आमच्या बैठकीत शेवटी ठरलं होतं की त्याचं कर्ज भावकीनं वाटून घ्यायचं म्हणजे ती परत येईल. पैसे गोळाही झाले. ती आली नाही, आणि लोकांनी तिलाच नावं ठेवली.

मरे यांच्या नंतरच्या मांडणीत 'दुरुस्ती' नावाची आणखी एक संज्ञा आहे. बोलणं ठराविक पातळीच्या खाली जायला लागलं की दोघांपैकी एक जण मुद्दाम वर ओढणारं काहीतरी करतो. आमच्या भावकीतल्या त्या घरात ते कुणी करत होतं का, मला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.

मांजराकाठ :

सर, हे दुकानात मोठ्यानं वाचलं. दोन शेतकरी बसले होते. एक म्हणाला, "कर्जमाफी झाली तवा आमच्या घरात असंच झालं." पुढं काही बोलला नाही, पट्टी घेऊन गेला.

माझी बायकोबरोबरची वही अजून सुरू झालेली नाही. ती म्हणते आधी माहेरच्या माणसासमोर बोललेल्या शंभराचं बोला. आज संध्याकाळी बोलणार आहे.

अर्धा_कोयता :

काल गावाकडं फोन लावला. आईला विचारलं, हंगामात आबा तुझ्याशी चांगलं कधी बोलले, काही आठवतं का. तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "बोलायला टाइम कुणाला व्हता?"

मग थोड्या वेळानं आपणहून सांगायला लागली. एकदा रात्री दोनला ट्रक भरायला आला. तिला सपाटून ताप होता, पण खाडा पडेल म्हणून ती उठली आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायला लागली. चढता चढता मोळी हलकी लागली. मागं बघितलं तर बाप स्वतःची मोळी डोक्यावर आणि एक हात तिच्या मोळीखाली, असा मागून चढत होता. ट्रक भरेपर्यंत तसंच. बोलला काहीच नाही. सकाळी पुन्हा चिडलेलाच होता.

आईनं विचारलं, "त्याला किती मार्क देतेत तुमचे सर?"

बालाघाट :

मूळ तक्त्यात बोलण्याला, चेहऱ्याला आणि आवाजाला गुण आहेत. मोळीला धरलेल्या हाताला रकाना नाही. मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला आणि बायकोला विचारलं. ती म्हणाली, आकडा आईंनाच विचारा, त्यांच्या डोक्यावरची मोळी होती.

तर विचाराल का? आणि सकाळच्या चिडण्याचे किती, तेही त्यांनाच विचारा.